टर्मवर्कचे पंचवीस गुण

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मुलं चाळीसच्या आसपास विषय शिकतात. ते विषय येणारी माणसं नोकरीत दिवसभर काय करतात, कोणाशी भांडतात, कोणत्या चुकीनं त्यांची झोप उडते, हे त्यातल्या फार थोड्या विषयांत कळतं. मग सातवं सत्र उजाडतं आणि प्लेसमेंट सेल जागा होतो. ॲप्टीचे क्लास, ग्रुप डिस्कशन, मॉक इंटरव्ह्यू, टाय कसा बांधायचा. ज्या मुलीला कामांची नावंही माहीत नाहीत, तिच्याकडून ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील?’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं जातं.

याला करिअर मार्गदर्शन म्हणू नका. आपल्याला काय जमतं, कशात जीव रमतो, हे कळण्याची जागा वर्ग आणि लॅब आहे, आणि वेळ दुसऱ्या वर्षाची आहे. सातव्या सत्रात कळून काय उपयोग? तोवर ऐच्छिक विषय घेऊन झालेले असतात, प्रोजेक्टचा ग्रुप ठरलेला असतो आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता दारात उभा असतो.

मुलानं शाखा निवडली, असं घरात सांगितलं जातं. निवड कट-ऑफनं केलेली असते. सीईटीचं पर्सेंटाईल हातात येतं, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म उघडतो आणि मामा, शेजारचे काका व सायबर कॅफेवाला मिळून क्रम लावतात: कॉम्प्युटर, आयटी, एआय, मग ईअँडटीसी, मग उरलेलं. एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांना जागांची कमाल मर्यादा काढून टाकली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तुकड्या आणखी वाढल्या. अठरा वर्षांच्या पोराकडून याहून शहाणी निवड होईल अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. त्यानं कधी मेटलर्जिस्ट पाहिलेला नसतो, प्रोटेक्शन इंजिनिअर हा शब्द ऐकलेला नसतो. पण त्यानंतरची चार वर्षं तो कॉलेजच्या ताब्यात असतो. त्या चार वर्षांबद्दल जाब कॉलेजला विचारायचा.

सिव्हिलची लॅब घ्या. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मशीनखाली फोडायचे. एम-२० काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद. राज्यातल्या प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये हा प्रयोग असतो. बऱ्याच ठिकाणी लॅब असिस्टंट क्यूब फोडतो, एक जण आकडे लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. पण याच क्यूबवर एका माणसाची अख्खी नोकरी उभी असते. मेट्रोच्या साईटवर, आरएमसी प्लँटवर क्वालिटीचा इंजिनिअर असतो, समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरवरही तो होता. अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब कमी भरला तर त्यानं काय करायचं? तोवर त्या स्लॅबच्या वर पुढचं काम चढलेलं असतं. ठेकेदार म्हणतो, क्यूबच नीट भरला नव्हता. मग रिबाउंड हॅमर लावा, कोअर काढा, कन्सल्टंटला कळवा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ‘नापास’ असं लिहून त्याखाली स्वतःची सही करा.

हा प्रसंग दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ठेवावा. सांगावं की या साईटवर तुम्ही आहात, ठेकेदाराला पत्र लिहा. वर्गातल्या काही मुलांना ते पत्र लिहिताना कळेल की हे काम आपलं आहे. काहींना कळेल की नाही, आपल्याच्यानं हे होणार नाही. दोन्ही कळणं सारखंच मोलाचं आहे, आणि त्याला लागतो एक कागद.

पुण्यातली मुलं व्ही-नॉचवरून पाणी सोडून प्रवाह मोजतात. शहराबाहेर खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे देशभरातली धरणं, नद्या, बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडतात आणि खरं बांधकाम कसं वागेल हे आधी तपासतात. त्याच खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच कॉलेजात शिकले होते. दर १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घालतात, भाषणं होतात. त्या दिवशी मुलांना बसमध्ये बसवून खडकवासल्याला नेलं, तिथल्या माणसांना ‘तुम्ही इथे कसे आलात?’ एवढं विचारू दिलं, तर त्या हाराहून ते जास्त शोभेल.

कोल्हापुरात तर हे सगळं दाराशी आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. देशभरातल्या गाड्यांना आणि पंपांना लागणारं कास्टिंग इथल्या फाउंड्रीत ओतलं जातं. मेकॅनिकलचा मुलगा मॅन्युफॅक्चरिंगच्या पेपरात कास्टिंगचे दोष लिहितो: ब्लो होल, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसरन. प्रत्येकाची आकृती काढतो, दोन-दोन ओळी लिहितो, गुण मिळवतो. त्याच संध्याकाळी काही किलोमीटरवरच्या एखाद्या फाउंड्रीत रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा ढीग पुन्हा वितळायला भट्टीकडे निघालेला असतो. वाळूत ओल जास्त होती का? हवा निघायला वाट नव्हती का? धातू ओतताना थंड पडला होता का? यावर तिथे रोज सकाळी माणसं डोकं धरून बसतात, कारण रिजेक्शनचा टक्का वाढला की महिन्याचा नफा त्यातच जातो.

मला वाटतं, मेकॅनिकलच्या प्रत्येक मुलाच्या हातात दुसऱ्या वर्षी एक बिघडलेलं कास्टिंग द्यावं. काप, आत बघ, कारण शोध, फाउंड्रीत जाऊन विचार. महिनाभर दे त्याला. या महिन्यात त्याला कोण कोण भेटेल बघा. धातू साच्यात कुठून शिरेल आणि कुठे शेवटी गोठेल हे ठरवणारा मेथडिंगचा माणूस. कॉम्प्युटरवर त्याच ओतण्याचं सिम्युलेशन करणारी मुलगी. सँड लॅबमध्ये दर तासाला वाळू तपासणारा. स्पेक्ट्रोमीटरवर धातूतले घटक बघणारा मेटलर्जिस्ट. पॅटर्न बनवणारा म्हातारा कारागीर, ज्याला पुस्तकातला श्रिंकेज अलाउन्स हातानं ठाऊक असतो. आणि गिऱ्हाईक कंपनीचा फोन घेणारा क्वालिटीवाला. एका आठ मार्कांच्या प्रश्नात सहा नोकऱ्या बसलेल्या असतात. परीक्षेत उतरलेल्या चार नावांतून त्यातली एकही दिसत नाही.

साखरेच्या पट्ट्यातली गोष्ट याहून जास्त टोचते. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातही कॉलेजं उभी राहिली. वर्गाच्या खिडकीतून चिमणी दिसावी इतकी जवळ. आत फळ्यावर रँकिन सायकल चाललेली असते आणि बाहेर गळीत हंगामात चिपाडावर बॉयलर पेटलेला असतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरून वीज ग्रिडला जात असते. त्या बॉयलरवर एक रात्रपाळी मुलाच्या टर्मवर्कमध्ये का नसावी? ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’च्या नावाखाली मात्र मुलांना गोव्याला किंवा मनालीला नेतात आणि वाटेत कुठल्यातरी कारखान्यात तास-दीड तास उभं करून सर्टिफिकेट घेतात. सहलीला माझा विरोध नाही, मुलांनी जरूर हिंडावं. त्या तासा-दीड तासाला उद्योगाचं दर्शन म्हणून जर्नलला लावणं मात्र मला खपत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कोविडचे रुग्ण असलेली रुग्णालयं जनरेटरवर गेली. कळवा-पडघे भागात एक ४०० केव्ही सर्किट दुरुस्तीसाठी बंद होतं, भार दुसऱ्यावर टाकलेला होता, त्यात बिघाड झाला आणि पडझड पुढे सरकत गेली. असं झालं की शहराला बाकीच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर जगवायची मुंबईची ‘आयलंडिंग’ व्यवस्था आहे. त्या दिवशी ती पुरी पडली नाही.

इलेक्ट्रिकलच्या पॉवर सिस्टीम विषयाला याहून चांगला धडा कुठे मिळेल? लोड फ्लो, फॉल्ट, रिले, फ्रिक्वेन्सी, सगळं त्या एका सकाळीत आहे. पण वर्गात न्यूटन-राफसननं पाच बसचं गणित सुटतं, दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत, आणि मुलीला हे कळत नाही की ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्रात याच आकड्यांकडे बघत माणसं चोवीस तास पाळीनं बसतात. दुरुस्तीसाठी कोणतं सर्किट कधी बंद करायचं, हे कुणीतरी ठरवतं. रिले किती मिलिसेकंदात पडावा, हे कुणीतरी सेट करतं. रुग्णालयाचा जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत व्हेंटिलेटर बंद पडू नये, ही कुणाची तरी जबाबदारी असते. हे ‘कुणीतरी’ म्हणजे इलेक्ट्रिकलची इंजिनिअर. ती घटना वर्गात आणा आणि मुलांना भूमिका वाटून द्या: तू डिस्पॅचर, तू प्रोटेक्शन, तू मेंटेनन्स, तू रुग्णालयाची इंजिनिअर. दहा वाजले आहेत, बोला. दोन तासांत वर्गातल्या प्रत्येकाला कळेल की धावपळीत आपलं डोकं चालतं की थिजतं. आयुष्यभराच्या कामाबद्दल याहून उपयोगी माहिती कुठल्याही ॲप्टी टेस्टमधून मिळत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांचं काय? त्यांना वाटतं, आपलं ठरलेलं आहे. डीबीएमएसला लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, पुढच्या सत्राला हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम. ती कुणी वापरेल अशी अपेक्षा ना मुलांची असते ना मास्तरांची. फायनल इयरचा प्रोजेक्ट तर रिपोर्टसकट रेडिमेड विकत मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे, ओरल घेणाऱ्या एक्सटर्नललाही. आता प्रोग्रॅम एआयकडून लिहून मिळतो, त्यामुळे उतरवून घेण्याचे कष्टही संपले. नोकरीत गेल्यावर पहिली दोन वर्षं हातात काय पडतं? दुसऱ्यानं लिहिलेला, लिहिणारा सोडून गेलेला, कागदपत्रं नसलेला जुना कोड. तो वाचायचा, मोडू न देता त्यात बदल करायचा, रात्री सर्व्हर पडला तर उठायचं, आणि आपल्याला काय हवंय हे धड सांगता न येणाऱ्या गिऱ्हाईकाशी सभ्यपणे बोलायचं. म्हणून मी म्हणतो, कोऱ्या पानावरून प्रोग्रॅम लिहून घेणं थोडं कमी करा. मागच्या बॅचचा कोड द्या, कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे पाठवा, त्यांना काय अडतंय ते विचारून एक बदल करून आणायला सांगा. कुणाला कोडपेक्षा बाईंशी बोलण्यात गोडी वाटेल. कुणाला चुका शोधण्यात. कुणी सर्व्हरमध्येच रमेल. ‘आयटी’ या दोन अक्षरांखाली किती वेगवेगळे स्वभाव खपतात, हे पॅकेजच्या पोस्टरवरून समजत नाही.

कागदावर हे सगळं झालेलं आहे, हे विशेष. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, मूल्यांकनासाठी प्रत्येक विषयाची ‘कोर्स आउटकम’ लिहावी लागतात, ती ‘प्रोग्राम आउटकम’शी जोडावी लागतात. कोणता विषय समाजाशी, नीतिमत्तेशी, टीमवर्कशी किती जोडलेला, याचे १, २, ३ असे आकडे रकान्यात भरतात. समिती यायच्या आधी प्राध्यापक रात्र-रात्र जागून हे तक्ते भरतात. कल्पना मुळात उत्तम आहे. तक्त्यात जो ३ लिहिलाय, तो विद्यार्थ्यानं एकदा अनुभवला की झालं. पण तक्ता भरण्यातच माणूस इतका थकतो की वर्गात जायला जीव उरत नाही. मूल्यांकन करणाऱ्यांनी फायली बाजूला ठेवून दहा मुलांना विचारावं: या विषयातलं एक काम सांग, जे कुणीतरी पगार घेऊन करतं. उत्तरं ऐकावीत आणि मग श्रेणी द्यावी.

याची किंमत कोण मोजतं, तेही बोलू. ज्याच्या घरात इंजिनिअर आहे, त्याला जेवणाच्या ताटावर कामांची नावं कळतात. ऊसतोड करणाऱ्याच्या, रिक्षा चालवणाऱ्याच्या, गावात किराणा विकणाऱ्याच्या मुलीला ती कॉलेजनंच सांगायला हवीत, तिच्यापुढे दुसरा दरवाजा नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यात इंजिनिअर होते. त्यांना नावं ठेवणारे लेख पुष्कळ आले. मला त्यांचा राग येत नाही. सरकारी नोकरीची शाश्वती हे मोठं कारण आहेच. पण आणखी एक कारण आहे, त्याकडे कुणी बघत नाही. तलाठी काय करतो हे त्या मुलानं लहानपणापासून पाहिलेलं आहे. सातबारा, फेरफार, पंचनामा. आपण चार वर्षं ज्याची फी भरली, त्या विषयाचा माणूस काय करतो हे त्याला कुणी दाखवलंच नाही. माणूस ओळखीच्या कामाकडे जातो. मग तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसतो आणि आपण म्हणतो, पोरांना कोअरमध्ये रस नाही.

रस्ता नवा काढायचा नाहीये. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या सिव्हिल इंजिनिअरनं १९०६ मध्ये मुलांना आळीपाळीनं वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पुणे विद्यापीठात मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनचे ‘सँडविच’ अभ्यासक्रम होते, त्यात पदवी पुरी व्हायच्या आत मुलं काही महिने कारखान्यात काम करून यायची आणि परत आल्यावर वर्गात प्रश्न विचारायची. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथे मुलं गावात जातात, पाण्याची योजना का बंद पडली, टाकी भरते तरी शेवटच्या वाडीला पाणी का पोचत नाही, हे मोजतात, लोकांशी बोलतात, अहवाल लिहितात, आणि हा श्रेयांकांचा अभ्यास धरला जातो. याच धर्तीवर २०१६ मध्ये राज्य सरकारनं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढलं, की जिल्ह्याच्या प्रश्नांवर जिल्ह्यातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांनी काम करावं. नळयोजनेमागे धावताना मुलाला कळतं की आपल्याला पंपाच्या गणितापेक्षा ग्रामपंचायतीचा हिशेब जास्त ओढतो. हेही इंजिनिअरचंच काम आहे, आणि असं काम असतं हे ठाऊक असणारे फार थोडे.

मास्तरांची बाजू मला कळते. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, सिलॅबस डोक्यावर, वरून विद्यापीठाचं वेळापत्रक सतत मागे-पुढे. अनेकांनी स्वतः कारखाना पाहिलेला नाही, कारण पदवीनंतर थेट एमई आणि एमई नंतर थेट वर्ग. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुट्टीत पगार बंद होणाऱ्या माणसाला ‘मुलांना फाउंड्रीत घेऊन जा’ म्हणताना माझी जीभ अडखळते. त्या जागा कायम भरा, हे सरकारला आणि संस्थाचालकांना ठणकावून सांगायलाच हवं. पण सगळं थांबवून ठेवायला हे कारण पुरत नाही. प्रत्येक कॉलेजातून दरवर्षी शेकडो मुलं बाहेर पडतात. पाच वर्षांपूर्वीची एखादी विद्यार्थिनी चाकणला शॉपफ्लोअरवर आहे, एखादा वाळूजला, एखादा बुटीबोरीला. त्यांना गॅदरिंगला पुष्पगुच्छ द्यायला बोलावू नका. विषयाच्या तासाला अर्धा तास फोनवर घ्या आणि विचारा: काल दिवसभर काय केलंस?

आणि टर्मवर्कचे पंचवीस गुण कॉलेजच्या हातात आहेत. त्यासाठी विद्यापीठाची बैठक, नवा पॅटर्न, राजपत्र, काही लागत नाही. आठ-दहा असाइनमेंट असतात, त्यातली एक बदला. पुस्तकातून उतरवायच्या प्रश्नांऐवजी त्या विषयातलं एक खरं काम मुलांनी बाहेर जाऊन शोधावं, ते करणाऱ्या माणसाला भेटावं, त्या कामाचा एक तुकडा स्वतः करून बघावा. शेवटी एक पान लिहावं: हे मला रोज करायला आवडेल का, आणि का. ‘नाही’ असं प्रामाणिक उत्तर आलं तरी पूर्ण गुण द्यावेत. सहा सत्रांत प्रत्येकी पाच विषय धरले तर मुलाजवळ अशी तीस पानं होतात. सातव्या सत्रात तो प्लेसमेंट सेलच्या दारात ती तीस पानं घेऊन उभा राहील, तेव्हा कुठल्या कंपनीच्या रांगेत उभं राहायचं हे त्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या काउंटरवर उभ्या असलेल्या आईबापांना मला एक सुचवायचं आहे. सर्वांत मोठं पॅकेज किती लाखांचं, हे विचारू नका. ते एका मुलाचं असतं आणि पोस्टरवर छापलेलंच असतं. दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही एका विषयाच्या टर्मवर्कच्या दोन फायली बघायला मागा, दोन वेगवेगळ्या मुलांच्या. दाखवायला तयार नसतील तर पुढच्या कॉलेजात जा. दाखवल्या तर शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन्हीतली वाक्यं वेगळी असतील, अक्षरात घाई असेल, कुठेतरी ‘साहेब म्हणाले की असं होत नाही’ असं काही लिहिलेलं असेल, तर पैसे तिथे भरा.